शेवटच्याची मूठ

सातशे पूर्व आणि तेराशे दक्षिण या दोन रस्त्यांच्या चौकातला सिग्नल बंद पडला होता. सॉल्ट लेक सिटीतली माणसं अशा वेळी फार शहाण्यासारखी वागतात. एक गाडी इकडून, एक तिकडून, आधी आला तो आधी सुटला. थेन ऑस्टलरची पाळी जवळ आली तेव्हा समोरच्या पांढऱ्या गाडीतल्या तरुणानं स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. व्हा तुम्ही पुढे, एवढाच त्याचा अर्थ. आणि थेनचा डावा हात उघड्या खिडकीतून बाहेर गेला, कोपरापासून सरळ वर उठला आणि त्याची मूठ वळली. थेननं वळली नाही, ती वळली. सत्तावन्न वर्षं जो हात आपला म्हणून वागवला, त्याच्याकडे तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिला.

"ए म्हाताऱ्या," तो तरुण काच खाली करून म्हणाला, "तुला आधी जा म्हणतोय, आणि मलाच मूठ दाखवतोस? भल्याची दुनियाच राहिली नाही."

"तुला नाही दाखवली."

"मग कुणाला? माझ्या मागे कोण उभं आहे?"

मागचे हॉर्न वाजायला लागले. थेननं गाडी चौकातून काढली, पुढच्या टायरच्या दुकानासमोर लावली आणि तो हात मांडीखाली दाबून बसला. राग आला होता. त्या पोराचा आला होता, बंद सिग्नलचा आला होता, परवाच पडलेलं बर्फ अंगावर घेऊन पूर्वेला शांत बसलेल्या डोंगरांचासुद्धा आला होता. गेले सात आठवडे तो उठायचा तोच तळपायाची आग मस्तकात घेऊन. दात घासताना ब्रशवर राग काढायचा. भावाच्या, किम्बलच्या, मयतानंतर चर्चच्या वॉर्डातल्या, म्हणजे त्याच्या मंडळीतल्या, बायकांनी आणून दिलेले, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा पेरलेले चीज-बटाटे तो तीन आठवडे उभ्याउभ्या खात होता आणि प्रत्येक घासाला त्या बायकांवर चिडत होता. चर्चमधले पुरुष खांद्यावर हात ठेवून, मान एका बाजूला कलती करून म्हणायचे, "ब्रदर ऑस्टलर, तुमच्या हातात काही नव्हतं." हातात काही नव्हतं हे त्यांनी नेमकं त्या खांद्यावर हात ठेवून म्हणावं, याची तर त्याला चीड यायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या उंच इमारती त्याला आतून, त्यांच्या अंधाऱ्या नळ्यांमधून माहीत होत्या. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतला माणूस ओरडू लागला की वरून पहिला आवाज थेनचा असायचा, "मी आहे. ऐकतोय. घाबरू नका." तीस वर्षांत त्यानं एकाही अडकलेल्या माणसाला उत्तरावाचून ठेवलं नव्हतं. याचा त्याला अभिमान वाटायचा. आता त्या अभिमानाचाही राग यायचा.

मार्वा वाट बघत असणार. मार्वा म्हणजे किम्बलची बायको, त्याच्या धाकट्या भावाची विधवा, हा शब्द अजून तिच्यावर नीट बसलेला नव्हता. तिच्या घरी थेनच्या जबानीचा कागद तयार होता, त्यावर थेननं सही करायची होती आणि सोमवारी तो, किम्बल जिथे गेला त्या दक्षिणेकडच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत पोचायचा होता. कागदावर सही झाली की विल्बर्ट नेझ नावाच्या माणसावर बेफिकिरीनं गाडी चालवून माणूस मारल्याचा खटला उभा राहणार होता. नेझ नाव्हाहो आदिवासींच्या वस्तीत शाळेची बस चालवायचा. खटला उभा राहिला की बस हातची गेली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि वॉर्डातल्या एकदोघांना त्याचं समाधानही होतं. "त्या लोकांना आपले इशारे काय कळणार?" असं एक जण दफनाच्या दिवशीच म्हणाला होता. नेझच्या पूर्वजांनी दक्षिणेतल्या त्या तांबड्या घळी पायांखाली घातल्या तेव्हा थेनच्या पणजोबांचा छकडा अजून यायचा होता. पण थेन तेव्हा जेवत राहिला. तोंडात बटाटे होते.

इशारे तसे साधे. ऑस्टलर सगळे सुट्टीत जिथे गाड्या चढवायला जायचे, घळींतल्या त्या वाटांवर एकच गाडी मावते. एका अंगाला तांबडा कडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. समोरून कोणी भेटलं की एकानं कपारीत शिरून जागा द्यायची, आणि जाताजाता हात वर करून बोटं दाखवायची: माझ्या मागे इतके येताहेत. तिघं असले तर तीन बोटं, एक असला तर एक. सगळ्यांत शेवटी जो असतो त्यानं मूठ दाखवायची. संपलं, मागे कोणी नाही, वाट मोकळी आहे, जा. हे कुठे लिहिलेलं नाही. पण ऑस्टलरांच्या घरात पोरांना प्रार्थना शिकवायच्या आधी हे शिकवलं जायचं, आणि बोटं खोटी दाखवणाऱ्या माणसाला त्याचे वडील, ऑर्व्हल ऑस्टलर, जेवायच्या टेबलावर बसू देणार नाहीत असं म्हणायचे. वडील हिरव्या जीपमध्ये सगळ्यांत पुढे. त्यांच्या शेजारच्या सीटवर किम्बल, शेंडेफळ, पाय डॅशबोर्डवर टाकून. मग काकांच्या गाड्या, मग मामांची, आणि सगळ्यांत शेवटी बारा वर्षांचा थेन, तीन चाकांच्या फटफटीवर, तोंडाला ओला रुमाल बांधून. आख्ख्या खानदानाची धूळ खायची जागा ती. घरी येऊन दोनदा चुळा भरल्या तरी जिभेवर लाल माती लागायची. समोरून येणारे लोक वडिलांशी थांबून बोलायचे, पाण्याची, वाळूची चौकशी करायचे, किम्बलला गोळ्या द्यायचे. थेनपर्यंत पोचेपर्यंत त्यांचं बोलणं संपलेलं असायचं. तो मूठ दाखवायचा, ते मान हलवायचे आणि निघून जायचे. असं एकदोन वर्षं नाही, पुढे मोठा झाल्यावर, स्वतःची गाडी आल्यावर, डोकं पांढरं झाल्यावरसुद्धा. एकदा, सोळाव्या वर्षी, त्यानं विचारलं होतं, "आज मी पुढे येऊ?" वडील म्हणाले, "मग मागे कोण राहील?" आणि जीप सुरू केली. थेन मागे गेला, आणि पुढे चाळीस वर्षं मागेच राहिला.

थेननं हात मांडीखालून काढला. बधिर झाला होता. त्यानं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली आणि दक्षिणेला, सँडीच्या दिशेनं निघाला. फेब्रुवारीत वडील गेले आणि मृत्युपत्रात जीप किम्बलच्या नावावर निघाली, तेव्हा थेन "बरोबर आहे" असंच म्हणाला होता. सप्टेंबरात किम्बलनं फोन केला, "चल रे, दोघंच जाऊ, बाबांच्या वाटेनं." पहाटे ट्रेलरवरून जीप आणि आपली वाळूत चालवायची उघडी बग्गी-मोटार उतरवली आणि किल्ली थेनच्या अंगावर फेकली. "आज तू पुढे. मी माझ्या बग्गीतून मागे येतो. बघू तरी धूळ कशी लागते." त्या दिवशीचं ऊन थेनला आठवतं. खडकांना सकाळी नऊलाच ताप चढला होता, जुनिपरच्या झुडपांचा तो कडवट वास, चाकांखाली वाळू अशी बसायची की जीप पाण्यातून चालल्यासारखी वाटे. आणि समोर धूळ नव्हती. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा समोर स्वच्छ वाट होती आणि त्याला चक्क गावंसं वाटलं होतं. दुपारी 'म्हाताऱ्याची दाढ' नावाच्या खडकाच्या पायरीवर त्यांनी गाड्या चढवल्या. किम्बल पुढे उभा राहून हातानं दाखवत होता, डावं, आणखी डावं, ये, ये, थांब. मग पायरीच्या सावलीत बसून टर्कीची सँडविच खाल्ली, दारू नसलेली गोड रूट बिअर प्यायले. किम्बलचं तोंड कधी बंद नसायचं.

"बाबा काय म्हणायचे माहितीय का?" तो म्हणाला. "म्हणायचे, मागे थेन आहे म्हटल्यावर मला मान वळवावी लागत नाही. मला कुठे ठेवणार होते मागे? मी पहिल्याच वळणावर सरड्यामागे पळालो असतो."

थेन सँडविच चावत राहिला.

"आणि ऐक. जीप तुझी. सोमवारी कागद करून टाकू. मला तिच्यात नीट बसतासुद्धा येत नाही, गुडघे लागतात."

"ठेव तुझ्याकडेच."

"रुसू नको रे, म्हाताऱ्या," किम्बल हसत म्हणाला आणि उरलेलं सँडविच कागदात गुंडाळून त्याच्यापुढे धरलं. "हे पण घे."

दुसऱ्या एखाद्याला भरून आलं असतं. थेनला भडका उठल्यासारखं झालं. म्हणजे चाळीस वर्षांनी, बाप मातीत गेल्यावर, धाकट्याच्या तोंडून त्याला सर्टिफिकेट मिळालं होतं: शेपूट चांगलं होतं हो आमचं. आणि जीप कशी दिली, तर उरलेलं सँडविच देतात तशी. घ्यायची तर हात पसरायचा, न घ्यावी तर आपण रुसूबाई. किम्बल नेहमी असंच करायचा. त्याचा चांगुलपणा इतका स्वस्त होता, त्याला त्याची काही झळच लागायची नाही, की समोरच्याला तो भिकेसारखा वाटायचा हे त्याच्या गावीही नव्हतं. थेन उठला. किम्बल डबे आवरत होता, अजून हेल्मेटही घातलं नव्हतं, तेवढ्यात त्यानं जीप सुरू केली आणि चढावर घातली. आता बस धूळ खात. आरशात बघितलं नाही. पुढे कड्याच्या पोटातून चढणारी अरुंद वाट होती आणि वरच्या वळणाच्या अलीकडे, जिथे कपार जरा रुंद होते, तिथे एक जुनी निळी पिकअप मागे सरून, कड्याला घासून, त्याच्यासाठी थांबली होती. चढणाऱ्याला आधी वाट. आतल्या माणसानं, म्हणजे नेझनं, मूठ वर केली. मी एकटाच आहे. त्याच्या हॅटखालचे शांत डोळे थेनला अजून दिसतात. थेन शेजारून गेला आणि त्यानं हात वर केला.

मूठ होती. एक बोट नव्हतं, मूठ होती. तासाभरानं शेरीफचा डेप्युटी, तिथला पोलीस, आला, त्यानं विचारलं तेव्हा थेनच्या तोंडून "एक बोट" गेलं. डेप्युटीनं त्याच्याकडे बघून समजल्यासारखी मान हलवली आणि नेझकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पुढच्यानं मागच्याला वॉकीटॉकीवर सावध करायचं असतं, समोरून गाडी येतेय, सांभाळ, हेही त्या लोकांत कोणी चुकत नाही. तेव्हा डेप्युटीनं तेही विचारलं आणि थेन म्हणाला, बॅटरी संपली होती. नेझ मोकळी वाट समजून कपारीतून बाहेर आला, खालच्या आंधळ्या वळणावर शिरला. खालून किम्बल, मागे पडलेला, गाठायच्या घाईत वेगानं वर आला. नेझनं ब्रेक मारला. किम्बलनं बाहेरच्या अंगाला घेतलं. तिथला दगड दिसतो दगड, पण हातानं चुरला तर वाळू होते, आणि त्या वाळूसकट बग्गी खाली गेली. सवय होती, थेन स्वतःला सांगायचा. चाळीस वर्षं एकच इशारा केलेला हात, तो दुसरं काय करणार? रोज रात्री नाही, दिवसा, लिफ्टच्या नळीत दोरखंडांना तेल देताना, सवय, सवय, सवय. आणि आज चौकात हातानं स्वतःच साक्ष दिली होती. यावर कुणीही विश्वास ठेवला असता. पण मूठ वर गेल्यानंतर आणि खाली आवाज होण्याआधी मध्ये एक अर्धं मिनिट होतं, त्याच्यापाशी आलं की त्याचं मन गाडी मागे घ्यायचं.

मागच्या आठवड्यात नेझचा फोन आला होता. थेन तेव्हा जेवणाचा डबा उघडून एका बँकेच्या तळघरात बसला होता.

"भांडायला फोन केलेला नाही, मिस्टर ऑस्टलर," नेझ सावकाश म्हणाला. "भाऊ गेलाय तुमचा. माझाही एक गेलाय, मला माहितीय ते."

"मग कशाला केलाय?"

"मी छत्तीस पोरांची बस चालवतो. बावीस वर्षं झाली. चढताना डोकी मोजतो, उतरताना मोजतो. एक आणि शून्य यांत माझी चूक होत नाही."

"तुम्हाला काय सांगायचं ते सांगा त्यांना."

"मी सांगितलं. ते तुमचं ऐकणार आहेत." फोनमध्ये बसचं दार लागल्याचा आवाज आला. "अजून एक. मी खाली उतरलो तेव्हा त्याचा श्वास चालू होता. शुद्ध नव्हती. मी हात धरून बसलो होतो शेवटपर्यंत. तो एकटा नव्हता. हे त्याच्या बायकोला सांगा. माझा फोन ती घेत नाही."

थेननं फोन ठेवला आणि डबा भिंतीवर मारला. आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसाचा जितका राग येतो तितका शिव्या देणाऱ्याचा येत नाही. मार्वाला त्यानं ते सांगितलं नाही. तिच्याशी बोलणंच अवघड झालं होतं, कारण ती दर वेळी एकच विचारायची. शेवटचं काय बोलला रे तो? काहीतरी बोललाच असेल. झोपेतसुद्धा बडबडायचा तो माणूस, आणि शेवटी गप्प बसेल? थेन म्हणायचा, बॅटरी गेली होती, मार्वा. ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायची.

सँडीच्या त्या घरासमोर किम्बलचा रिकामा ट्रेलर अजून उभा होता. मार्वानं दार उघडलं. ती पियानो शिकवायची, आणि कागद पियानोच्या बंद झाकणावर, पेनासकट ठेवलेला होता.

"जेवलास का?"

"हो."

"खोटं बोलतोस. असू दे. वाचून घे आधी."

त्यानं वाचलं. मी माझ्या हाताचं एक बोट स्पष्टपणे दाखवलं. माझ्या वॉकीटॉकीची बॅटरी संपलेली असल्याने भावाला सावध करता आलं नाही. खाली त्याचं नाव टाईप केलेलं आणि रेघ.

"बिशप म्हणाले, मन मोठं कर," मार्वा खिडकीशी जाऊन म्हणाली. "त्या माणसाला शिक्षा झाली म्हणून किम परत येणार नाही, एवढं मला कळतं रे. पण कुणाचं तरी चुकलं असलं पाहिजे ना? कुणाचंच चुकलं नाही म्हटलं तर मी सकाळी उठून करू काय?"

"त्याचं नाही चुकलं," थेन म्हणाला. "मी मूठ दाखवली."

ती वळली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, कारण आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल, आणि ते त्याला हवं होतं, सात आठवडे त्याचीच तो वाट बघत होता. पण तिचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला.

"सवयीनं," ती म्हणाली. "होय ना? तू कायम शेवटी असायचास. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तू शेवटी उभा आहेस, अर्धा कापला गेलायस. हात आपोआप गेला असणार. अरे, आणि एवढे दिवस हे एकट्यानं घेऊन फिरतोयस?" तिनं त्याचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. "फाडून टाकू हा कागद. दुसरा करू. सवयीनं झालं असं लिहू. ते समजून घेतील. किमनंही घेतलं असतं, हसला असता वर."

किमनं समजून घेतलं असतं. हसला असता. पुन्हा तेच, पुन्हा कुणीतरी त्याला उदारपणे काहीतरी देत होतं, आणि यावेळी ते घेतलं की सगळे सुटत होते. नेझची बस राहत होती, मार्वाचा दीर राहत होता, वॉर्डातले खांद्यावरचे हात राहत होते. फक्त मान हलवायची. तिचे हात ऊबदार होते. त्याला किम्बलचा राग आला, बापाचा आला, तिचा आला, आणि मग त्या सगळ्यांच्या मागे, धुळीत, तोंडाला ओला रुमाल बांधून जो कायम चालत आला होता त्याचा इतका राग आला की त्यानं हात हिसकून घेतला.

"बॅटरी संपली नव्हती," तो म्हणाला.

मार्वा तशीच उभी राहिली, हात पुढे.

"नेझ त्याचा हात धरून बसला होता, शेवटपर्यंत. तुला सांगायला सांगितलं होतं, मी सांगितलं नाही. आणि तू विचारत होतीस ना, शेवटचं काय बोलला. खालच्या वळणावरून त्याला जीप दिसत होती आणि माझा वर गेलेला हात. नेझची गाडी कड्याआड होती, ती दिसत नव्हती. वॉकीटॉकीवर आला. हसत होता. म्हणाला, 'मूठ कुणाला दाखवतोयस रे? जीप मिळाली म्हणून? झालास की नाही शेवटी खूश, म्हाताऱ्या?' " थेननं पियानोवरचा कागद उलटा केला. "मग म्हणाला, 'आलोच मी. पुढून कोणी येत नाहीये ना?' "

मार्वानं पियानोच्या झाकणाला धरलं.

"मग?" ती म्हणाली. "तू काय म्हणालास?"

"मी वॉकीटॉकीचा आवाज बारीक केला," थेन म्हणाला.